लळिंगच्या रस्त्यावरची शिकवणी

मोटार शिकवायची ती मैदानात की रस्त्यावर, या एका प्रश्नापायी मी जेवढी भांडणं केली, तेवढी घरातही केली नसतील. संपादकांचा निरोप आला की तुम्ही इतकी वर्षं धुळ्याहून सर्व्हिस मोटार हाकलीत, किती जणांना शिकवलीत, तर दिवाळी अंकासाठी एखादी मोठी असामी मोटारीत बसली असेल ती आठवून लिहा. मी पुष्कळ आठवून पाहिलं. एकदा एका बड्या साहेबाच्या कुत्र्याला नंदुरबारपर्यंत पोचवलं होतं, त्याच्या वरची असामी काही माझ्या वाट्याला आली नाही. म्हणून मी पारोळ्याच्या नामदेव नानांविषयी लिहितो. ते मोठे आहेत हे त्यांना स्वतःला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. तेव्हा आमच्या शेठजींच्या उतारू नेणाऱ्या चार सर्व्हिस मोटारी होत्या. मी त्यांचा जुना ड्रायव्हर, आणि नवे ड्रायव्हर तयार करायचं कामही माझ्याकडेच. लोक मला उस्ताद म्हणत आणि मला ते आवडे, हे कबूल करायला आता हरकत नाही.

मोटार शिकणं म्हणजे काय ते ज्यांनी कधी चाक धरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी पुढून हँडल मारायचं. ते उलटं फिरलं तर मनगट मोडतं, त्यामुळे अंगठा कसा ठेवायचा हा पहिला धडा. मग पायाशी तीन गोष्टी: डावीकडे क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे वेग वाढवायचा ॲक्सिलेटर. हाताशी गिअरचा दांडा आणि हातब्रेक. हे सगळं आम्ही कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या मैदानात शिकवत असू. चार रिकामी पिंपं मांडायची, त्यांच्यामधून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, मागे जायचं, चुन्याच्या रेघेवर थांबायचं. महिनाभरात कुणीही हे शिकतो, कारण मैदानात समोरून काही येत नाही.

रस्त्यावर मात्र येतं. आग्रा रोड म्हणजे नावाला मोठा रस्ता. मधे खडीचा पट्टा, तो एका मोटारीपुरता, आणि दोन्ही अंगांना मातीच्या वाटा. कापसाच्या दिवसांत या खडीवरून वीस-वीस बैलगाड्यांची रांग चाले. गाडीवान गाठोड्यांवर झोपलेले, कारण रस्ता बैलांना पाठ. अशा रांगेजवळ जाऊन भोंगा वाजवला की बैल बुजतात आणि जिकडे तुम्ही चाललात नेमके तिकडेच वळतात. भोंगा शंभर पावलांवरून द्यायचा, एकदाच द्यायचा, शेवटचा गाडीवान उठून बसेपर्यंत दम धरायचा, मग दोन चाकं मातीत घालून पुढे काढायची. हे मैदानातल्या पिंपांकडून कोण शिकणार?

धुळ्याचे एक वकील माझ्याकडे असे मैदानातच शिकले. आठचा आकडा असा काढत की पाहत राहावं. लायसन मिळाल्यावर पहिल्याच दिवशी ते सोनगीरच्या वाटेवर एका रांगेच्या मागे सापडले आणि सोनगीर येईपर्यंत बैलांच्या चालीने मागे मागे गेले. पुढे कसं काढायचं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. रेडिएटरचं पाणी उकळलं, वकीलही उकळले. घरी येऊन त्यांनी मला जे ऐकवलं त्यात कायद्याचं एकही कलम नव्हतं.

पूर्वी आम्ही शिकाऊ माणसाला रस्त्यावर नेत असू. पण एका शिकाऊ माणसाने आग्रा रोडवर एका बैलाचा पाय मोडला, आणि कचेरीतून हुकूम निघाला की लायसन नसलेल्या माणसाने मोठ्या रस्त्यावर चाकाला हात लावायचा नाही. मैदानात शिका, मैदानात परीक्षा द्या, लायसन घ्या आणि मगच रस्त्यावर जा. हुकूम मोडला तर शिकवणाऱ्याचं लायसन जप्त. आमच्याकडचे लायसन देणारे साहेब पुण्याकडचे, सरळ माणूस. मी दोनदा त्यांच्यापुढे जाऊन हुज्जत घातली. ते शांतपणे ऐकत आणि म्हणत, बैलाच्या धन्याला तुम्ही समजावा, मग मी हुकूम बदलतो.

असे दिवस चाललेले असताना नामदेव नाना आले. वय चाळिशीच्या पुढे, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. हात असे की हँडल मारताना मोटारच घाबरावी. पारोळ्याहून जळगाव आणि धुळ्याला कापसाच्या गाडीची खेप करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. लॉऱ्या आल्या, खेपा थांबल्या, बैलजोडी असोद्याच्या एका शेतकऱ्याने नेली. आता जळगावच्या जिनिंगमधे गाठी उचलायच्या, नाहीतर मोटार शिकायची, एवढंच पुढे होतं. शेठजींनी त्यांना शब्द दिला होता की दिवाळीच्या आत लायसन आणा, धुळे-पारोळा सर्व्हिस तुमची. मी विचारलं, नाना, या वयात कसं जमायचं?

"मोटारनी मना धंदा लिधा, भाऊ," ते म्हणाले, "आते मोटारवरच पोट भरसू."

मैदानात नाना झपाट्याने शिकले. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज ऐकण्याचा कान त्यांना उपजत होता. आमचे पोरसवदा ड्रायव्हर दात खाणारे गिअर टाकत, नानांचा गिअर लोण्यात सुरी जावी तसा जाई. तीन आठवड्यांत पिंपं, रेघ, मागे जाणं, सगळं चोख. मी खूश झालो आणि एक आगाऊपणा केला. हुकूम होता तरी एका सकाळी मी त्यांना पारोळ्याच्या रस्त्यावर नेलं. म्हटलं, माणूस इतका तयार आहे, थोडी हवा दाखवावी.

चार मैल छान गेले. पाचव्या मैलाला एका बांधावरून एक गाडी अचानक खडीवर चढली. आणि मग जे झालं ते मी उस्ताद म्हणून कधी पाहिलं नव्हतं. नानांनी चाक दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं, अंग मागे टाकलं आणि दोन्ही पाय ताठ करून पुढे रेटले. बैलगाडी थांबवायची ती अशीच थांबवतात; कासरे ओढायचे आणि पाय पुढच्या फळीला लावून जोर द्यायचा. पण मोटारीत पुढची फळी म्हणजे काय? डावा पाय क्लच सोडून नुसत्या पत्र्यावर, आणि उजवा बरोबर ॲक्सिलेटरवर. मोटार उसळली. मी हातब्रेक खेचला, चाक वळवलं, आणि आम्ही बाभळीत घुसलो. बैल वाचले, आम्ही वाचलो, मडगार्ड वाकलं.

नाना बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. म्हणाले, तीस वर्षं या रस्त्यावर गाडी हाकली, भीती वाटली की हात आपोआप मागे येतात. मैदानात भीती वाटत नाही म्हणून येत नाहीत. मी त्यांना धीर दिला. म्हणजे खरं तर स्वतःला दिला, कारण हे बाहेर फुटलं असतं तर माझं लायसन गेलं असतं. मी म्हणालो, हे कुठे बोलू नका, मैदानात पास व्हा, रस्त्यावर हळूहळू सवय होईल.

"आन सवय व्हई तवपावत," नाना म्हणाले, "मोटारमा बठेल मान्सेस्नं काय?"

मी खाली उतरलो. मडगार्ड हातोडीने सरळ केलं आणि आम्ही परत आलो.

पुढच्या आठवड्यात परीक्षा होती. साहेब मैदानात आले, लिंबाखाली टेबल मांडलं, कारकुनाने दौत-टाक ठेवला. शेठजी मुद्दाम नवं उपरणं घालून हजर. पारोळ्याहून नानांची बायको आणि थोरली मुलगी आली होती, त्या जिनिंगच्या भिंतीशी सावलीत बसल्या होत्या. नानांनी पिंपांमधून आकडा काढला, मागे गेले, रेघेवर असे थांबले की चुना पुसला गेला नाही. साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, उस्ताद, माणूस चांगला तयार केलात. त्यांनी कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला. मी टेबलाजवळ उभा होतो. मला माहीत होतं की या सहीनंतर दोन दिवसांत वीस माणसं या मोटारीत बसतील, बायाबापड्या, बाजारकरी, आणि कुठल्यातरी बांधावरून एक गाडी खडीवर चढेल. हे सगळं मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. लाज वाटते, पण होतो गप्प.

नाना मोटारीतून उतरून टेबलापाशी आले. पागोटं सरळ केलं.

"साहेब, सही करू नका. मी मैदान शिकेल शे, रस्ता नही शिकेल."

साहेबांना वाटलं माणूस बुजला आहे. त्यांनी समजावलं की तुम्ही उत्तम चालवलंत, रस्ताही येईल. नानांनी मान हलवली आणि हात मागे कसे येतात, पाय पुढे कसे जातात ते तिथेच उभ्या उभ्या करून दाखवलं. कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी टाक खाली ठेवला आणि विचारलं, हे तुम्हांला मैदानात कळलं की रस्त्यावर? रस्त्यावर कुणी नेलं होतं?

नाना जमिनीकडे पाहू लागले. भिंतीशी बसलेली त्यांची बायको उभी राहिली. काहीतरी बिघडलं एवढं तिला दुरून दिसलं असणार. तेव्हा कुठे मला कंठ फुटला. मी म्हणालो, साहेब, मी नेलं होतं. आणि मग एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळं बोलून घेतलं. असे आणखी किती जण असतील, म्हणालो. कापूस पिकवणारे, गाडी हाकणारे लोक हे चाक धरायला येणार, सगळ्यांच्या अंगात कासरा मुरलेला. मैदान त्यांना पास करील आणि रस्ता त्यांना मारील. शिकवायचं तर जिथे भीती आहे तिथेच शिकवायला हवं, शेजारी हातब्रेक धरून बसलेला माणूस असताना.

साहेबांनी माझं लायसन मागितलं, घडी करून खिशात घातलं आणि निघून गेले. शेठजी नव्या उपरण्याने तोंड पुसत राहिले.

पंधरा दिवस माझं लायसन साहेबांच्या टेबलाच्या खणात होतं. सोळाव्या दिवशी बोलावणं आलं. लायसन परत मिळालं आणि सोबत एक कागद. शिकाऊ माणसाला मोठ्या रस्त्यावर नेण्यास परवानगी. सकाळच्या वेळेपुरती, सोबत जुना ड्रायव्हर, मोटारीत उतारू नाहीत, आणि पुढे लाल फडकं बांधलेलं. दोन महिने पाहू, साहेब म्हणाले, एक जरी बैल दुखावला तरी कागद परत. आणि या नानांची परीक्षा आता मी रस्त्यावर घेईन. ते त्या दिवशी बोलले म्हणून हा कागद निघाला आहे, तुमच्या हुज्जतीमुळे नव्हे. हे मला टोचलं, पण खरं होतं.

मी मोटार घेऊन नानांना शोधायला निघालो. मला वाटलं होतं माणूस जळगावला गाठी उचलायला गेला असेल. विचारत विचारत गेलो, तर ते लळिंगच्या खिंडीपाशी भेटले, रस्त्याच्या कडेला सहा बैलगाड्यांसह. या पंधरा दिवसांत नाना पायी गावोगाव हिंडून आपल्या जुन्या सोबत्यांना भेटले होते. कागद येणार की नाही याचा पत्ता नसताना त्यांनी गाडीवानांना बोलून ठेवलं होतं: मला रस्ता शिकायचा आहे, तुम्ही गाड्या घेऊन माझ्या वाटेत या.

विचार करा. ज्यांचा धंदा मोटारीने नेला, ते गाडीवान मोटारवाला घडवायला आपले बैल घेऊन उभे होते. आपल्या पोटच्या पोराइतके जपलेले बैल, आणि समोरून येणार कोण तर शिकाऊ ड्रायव्हर. त्यांच्यात एक म्हातारे आबा होते. मोटारीचं नाव काढलं तरी थुंकत असत. सगळ्यांत पुढे त्यांचीच गाडी. नानांना त्यांनी सुनावलं, बैल माझे आहेत, तुझ्या बापाचे नाहीत, दखीसन चालाड, म्हणजे बघून चालव. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले:

"बैलनं मन जाननारा एक तरी मोटारवाला व्हवाले पाहिजे."

दिवाळी तोंडावर येईपर्यंत रोज सकाळी लळिंगच्या रस्त्यावर आमची शाळा भरली. गाड्या समोरून येत, आडव्या येत, रांग लावून पुढे चालत. गाडीवान झोपल्याचं सोंग करत, त्यातले दोघे खरोखरच झोपत. पहिले चार दिवस नानांचे हात मागे आले, पाय पुढे गेले आणि मी हातब्रेक खेचला. माझा खांदा सुजला. पाचव्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. घाबरले की नाना बैलांना थांबवायचं 'हो, हो' असं तोंडाने म्हणत, आणि ते हात मागे येण्याच्या अगोदर येई. मी म्हणालो, नाना, तोंड मोकळं सोडा, त्याला आवरू नका. फक्त 'हो' म्हटलं की उजवा पाय मधल्या ब्रेकवर न्यायचा. माणसाची जुनी सवय मोडत बसण्यापेक्षा तिच्या शेपटाला नवी बांधावी, हे मी तिथे शिकलो. पुढच्या आठवड्यात हात जागेवर राहू लागले.

आणि त्या रस्त्यावर मीही शिकत होतो. नाना दुरूनच बैलांच्या कानांकडे पाहून सांगत की डावीकडचा बुजणार आहे, उजवीकडचा गरीब आहे. मी इतकी वर्षं बैलांच्या मागून मोटार हाकली, कानांकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासारखी रांग ओलांडणारा ड्रायव्हर मी नंतरही पाहिला नाही. एकदाच भोंगा, मग पाय सैल, आणि मोटार अशी सरके की गाडीवानाची झोपही मोडू नये.

दिवाळीला चार दिवस उरले असताना साहेब परीक्षेला आले आणि मागच्या बाकावर बसले. मी हातब्रेकजवळ. साहेबांनी मला हात मांडीवर ठेवायला सांगितलं. खिंड चढलो, उतरलो. दोन रांगा नानांनी सुरेख ओलांडल्या. परतताना उतारावर, आमच्या ओळखीची नसलेली एक गाडी समोरून येत होती. तिच्या एका बैलाच्या गळ्यातलं जोतं तुटलं, तो जुवातून सुटला आणि सरळ आमच्या समोर खडीवर आला. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. माझा हात उठला होता.

"हो, हो, हो," नाना म्हणाले.

मोटार थांबली. बैलाचं नाक दिव्यापासून दोन वितींवर. नानांचे हात चाकावर जिथल्या तिथे, उजवा पाय ब्रेकवर. बैलाने दिवा हुंगला आणि तो मातीत उतरला. मग साहेबांनी मागून विचारलं, हे 'हो, हो' तुम्ही बैलाला म्हणालात का?

"नही साहेब. मना पायस्ले."

साहेब इतके हसले की त्यांना टोपी काढावी लागली. सही त्यांनी तिथेच, मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून केली. ते बॉनेट तापलेलं होतं, कागदाचा कोपरा पिवळा पडला. नानांच्या लायसनवर तो डाग पुढे कायम राहिला. शिकाऊ माणसांना रस्त्यावर नेण्याची परवानगीही कायम झाली. पुढे मी जेवढे ड्रायव्हर तयार केले, शिरपूरपर्यंतचे आणि जळगावपर्यंतचे, ते सगळे लाल फडकं बांधून रस्त्यावरच तयार झाले.

धुळे-पारोळा सर्व्हिस नानांनी लढाईच्या काळातही चालवली. पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारीच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून, काळं तोंड करून चालवली. त्यांच्या हातून एकही बैल दुखावला नाही. मला कुणी उस्ताद म्हटलं की नाना सांगत, माले याच भाऊनी शिकाडं. मी मान डोलवत असे.

परवा त्यांनी मला पारोळ्याला नेलं. आता तेही म्हातारे झाले, शेवटची काही महिन्यांची नोकरी. मी शेजारी बसलो होतो. अंकासाठी लिहायचं मनात होतं म्हणून मी विचारलं, नाना, त्या दिवशी मैदानात साहेबांनी टाक दौतीत बुडवला, तोवर तुम्ही मोटारीतच बसून होतात. इतका वेळ का थांबलात, आधीच का बोलला नाहीत?

नानांनी समोरची रांग पाहून एकदा भोंगा दिला. शेवटचा गाडीवान उठून बसेपर्यंत वाट पाहिली.

"मी तुना तोंडकडे दखत व्हतू, भाऊ," ते म्हणाले. "तू बोलशी, आसं वाटनं माले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोन चाकं मातीत घालून त्यांनी मोटार सावकाश पुढे काढली.